मंदीतला सट्टा आणि पगारदार माणूस



सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस शेअर बाजाराचा निफ्टी हा निर्देशांक २६,२०० च्या वर गेला होता. तेथून तो उतरणीला लागला आणि ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे सलग पाच महिने उतरतच राहिला. अशी सलग पाच महिन्यांची घसरण १९९६ नंतर प्रथमच झाली. मोठमोठे गुंतवणूकदार हवालदिल झाले, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. आमच्या काळजीचा विषय मात्र वेगळा आहे. या घसरणीच्या दिवसांत आमचे काही तरुण सभासद घाबरण्याऐवजी उत्साहात आले. "दादा, बाजार चढला तरी पैसा आणि पडला तरी पैसा. उलट पडताना लवकर होतो," असे ते आम्हांला समजावू लागले.

गँगमध्ये, यार्डात, रनिंग रूममध्ये, आर.एम.एस.च्या सॉर्टिंग टेबलापाशी, टपाल कचेरीमागच्या चहाच्या टपरीवर आज हा विषय बोलला जातो. भुसावळ, मनमाड, सोलापूर येथेच नव्हे, तर इटारसी, सुरत, हुबळी अशा महाराष्ट्राबाहेरच्या ठिकाणी नोकरी करणारे आपले बांधवही याला अपवाद नाहीत. तेव्हा या प्रश्नावर गप्प बसणे युनियनला शोभणारे नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. मंदीच्या दिवसांत निर्देशांकावर चार-दोन दिवसांचे सौदे आखणे हे पगारावर जगणाऱ्या माणसाच्या आवाक्यातले काम नाही. त्याला अक्कल कमी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अशा आखणीला जे भांडवल, जो वेळ आणि जी मोकळीक लागते ती त्याच्यापाशी नाही. आणि या व्यवहारात झालेला तोटा त्याच्या एकट्याच्या खिशापुरता राहत नाही, म्हणून हा युनियनचा विषय आहे.

हा सौदा आहे तरी काय?

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे खुलासेवार सांगणे भाग आहे. निफ्टी म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातील ५० मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एक आकडा. हा आकडा पोत्यात भरून घरी नेता येत नाही. त्याच्यावर फक्त करार करता येतात. आपल्या देशात निर्देशांकाचे फ्यूचर जून २००० मध्ये आणि ऑप्शन जून २००१ मध्ये सुरू झाले. निफ्टीचे आठवड्याच्या मुदतीचे ऑप्शन २०१९ साली आले, आणि मोबाईलवरचा हा खेळ खऱ्या अर्थाने फोफावला तो त्यानंतर.

बाजार पडेल असे ज्याला वाटते तो 'पुट' घेतो. ठरलेल्या आकड्याच्या खाली निफ्टी गेला तर फरक मिळण्याचा हक्क म्हणजे पुट. त्या हक्कासाठी जी रक्कम आगाऊ मोजायची ती प्रीमियम. मुदतीच्या दिवशी निफ्टी त्या आकड्याच्या वरच राहिला तर सगळा प्रीमियम बुडाला. शिवाय जसजशी मुदत जवळ येते तसतसा प्रीमियम, निफ्टी जागचा हलला नाही तरी, रोज झिजत जातो. बर्फाची लादी घेऊन विकायला बसल्यासारखे हे आहे. गिऱ्हाईक आले नाही तरी लादी वितळायची थांबत नाही.

हा सौदा सुट्या नगाचा होत नाही, लॉटचा होतो. २०२५ साली निफ्टीचा लॉट ७५ चा होता. म्हणजे पुटचा प्रीमियम २४० रुपये असेल तर एका लॉटला १८,००० रुपये मोजावे लागत. आता आपल्या बोनसकडे पाहा. रेल्वे कामगाराला ७८ दिवसांचा उत्पादकता बोनस मिळाला तो जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. म्हणजे वर्षभर रुळावर, इंजिनावर, केबिनमध्ये राबून मिळालेला बोनस एका लॉटमध्ये जातो, आणि त्याची मुदत चार दिवसांची असू शकते.

आखणी कागदावर आणि खिशात

आमचे तरुण मित्र म्हणतात, "आम्ही आंधळेपणाने खेळत नाही. आम्ही प्लॅन करतो. स्टॉपलॉस लावतो." ठीक आहे. त्यांच्याच नियमांनी हिशोब करून पाहू.

या धंद्यातील जाणकार सांगतात की एका सौद्यात आपल्या भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक धोका पत्करू नये. समजा एखाद्या पॉइंट्समनने पोटाला चिमटा काढून ५०,००० रुपये बाजूला ठेवले. त्याचे दोन टक्के म्हणजे १,००० रुपये. ७५ च्या लॉटने भागले तर प्रीमियममध्ये १३ रुपयांची घट. एवढा उतार म्हणजे त्याची सहनशक्ती संपली, सौदा बंद. मंदीच्या दिवसांत प्रीमियम १३ रुपये खालीवर व्हायला चहाचा कप रिकामा होण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणजे नियम पाळला तर तो दर फेरीला बाहेर फेकला जाणार, आणि नियम मोडला तर भांडवल जाणार. निदान ६० रुपयांचा उतार सोसायचा म्हटले तर एका लॉटला ४,५०० रुपयांचा धोका झाला. दोन टक्क्यांच्या नियमाप्रमाणे त्यासाठी २,२५,००० रुपये भांडवल हवे. हे पैसे कोठून येतात? पतपेढीच्या कर्जातून येतात, पी.एफ.मधून येतात, नाहीतर मोबाईलवरच्या कर्जातून येतात. कर्जाच्या पैशावर सौदा करू नये हा तर त्याच जाणकारांचा पहिला नियम आहे! म्हणजे आखणीची पहिली ओळ लिहितानाच आखणी मोडते.

आता खर्च पाहा. दलाली, बाजाराचे शुल्क, सरकारचा व्यवहार कर आणि जी.एस.टी. मिळून २०० रुपये प्रीमियमच्या एका लॉटच्या खरेदी-विक्रीला २०२५ च्या दरांनी सुमारे ७५ रुपये पडत. आकडा किरकोळ वाटतो. पण दिवसाला चार फेऱ्या आणि महिन्याला वीस दिवस धरले तर ६,००० रुपये होतात. फायदा होवो की तोटा, हे ६,००० रुपये आधी जातात. आपल्या युनियनची वर्षाची वर्गणी भरताना कुरकुर करणारा माणूस हे पैसे दरमहा मुकाट्याने भरतो, कारण ते त्याला दिसत नाहीत.

७ एप्रिल २०२५ चा धडा

कोणी म्हणेल, ही सारी पुस्तकी गणिते झाली. म्हणून प्रत्यक्ष घडलेला एक दिवस घेऊ.

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगभरच्या मालावर नवी आयात शुल्के जाहीर केली. बाजार घाबरला. शुक्रवारी ४ एप्रिलला निफ्टी २२,९०४ वर बंद झाला. शनिवार-रविवार गेला. सोमवारी ७ एप्रिलला बाजार उघडला तो थेट २१,७५८ वर, म्हणजे १,१४६ अंक खाली.

घसरण आता थांबेल अशा हिशेबाने शुक्रवारी ज्याने एक लॉट फ्यूचर घेऊन ठेवले होते त्याची आखणी काय असेल? २२,८०० ला स्टॉपलॉस. म्हणजे १०४ अंकांचा तोटा, ७,८०० रुपये. कागदावर सर्व ठाकठीक. पण सोमवारी २२,८०० हा भाव आलाच नाही. बाजार त्यावरून उडी मारून खाली गेला. त्याचा स्टॉपलॉस २१,७५८ च्या आसपास लागला आणि ७,८०० च्या जागी ८५,९५० रुपये गेले. आमच्या लोको पायलट बांधवांना हे लगेच समजेल. ब्रेक कितीही चांगला असला तरी पुढचा रूळच नसेल तर ब्रेकचा उपयोग काय?

आता दुसरा माणूस घ्या. सोमवारी सकाळी हाहाकार पाहून त्याने ठरवले की बाजार आणखी पडणार, आणि उघडताच पुट घेतला. भीतीच्या वेळी पुटचा प्रीमियम महाग होतो. त्या एका दिवसात बाजाराची भीती मोजणारा इंडिया व्हिक्स हा आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास वाढला. याने भीतीचा सर्वांत चढा भाव मोजला. मग निफ्टी २१,७४३ पर्यंत खाली जाऊन वळला आणि संध्याकाळी २२,१६१ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळे होते की बाजार ७४३ अंकांनी कोसळला. ते खरेच होते. पण सकाळी पुट घेणाऱ्याच्या दृष्टीने बाजार ४०० अंकांनी चढला होता! बाजार पडला आणि पडण्यावर पैसे लावणाराही बुडाला. पुढे ९ एप्रिलला अमेरिकेने बहुतेक देशांवरची वाढीव शुल्के काही काळ थांबवल्याचे जाहीर केले आणि १५ एप्रिलला निफ्टी २३,३२८ वर, म्हणजे जवळजवळ २ एप्रिलच्याच पातळीवर येऊन बसला.

४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशीही असेच झाले होते. निफ्टी एका दिवसात सुमारे सहा टक्के पडला आणि तीन दिवसांत, ७ जूनला, पुन्हा होता तेथे गेला. त्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे लोक मेले.

यावर कोणी विचारील, "शुक्रवारीच पुट घेणाऱ्याला तर सोमवारी मोठा फायदा झाला ना?" होय, झाला. हे आम्ही नाकारत नाही. त्याची गोष्ट रनिंग रूममध्ये वर्षभर सांगितली जाईल. परंतु वॉशिंग्टनमध्ये रविवारी काय ठरेल हे त्याला शुक्रवारी माहीत नव्हते. बुडालेले दहाजण आपली गोष्ट सांगत नाहीत, तारलेला एकजण मात्र सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळेच तरले.

बाजाराची वेळ आणि आपली ड्यूटी

बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. घसरणीच्या काळात सौदा करणाऱ्याला या सव्वासहा तासांत पडद्यावरून नजर काढता येत नाही. आपला कोणता सभासद हे करू शकतो? लोको पायलटला इंजिनावर मोबाईल बंद ठेवण्याचा हुकूम आहे. ट्रॅकमेंटेनर त्या वेळी सेक्शनमध्ये रुळावर आहे. स्टेशन मास्तरसमोर पॅनेल आहे. पोस्टमन बीटवर आहे आणि टपाल कचेरीतला सहायक काउंटरवर लोकांची रोकड मोजतो आहे.

येथे आम्हांला थोडे कडक बोलावे लागेल, त्याबद्दल कोणी राग मानू नये. रुळावर काम चालू असताना लुक-आउट ठेवणाऱ्याचे मन निफ्टीच्या आकड्यात असेल तर त्याच्या भरवशावर वाकून काम करणाऱ्या चार बांधवांचा जीव टांगणीला असतो. रात्रपाळी करून आलेला माणूस झोप न घेता दुपारी साडेतीनपर्यंत मोबाईलपुढे बसला आणि रात्री पुन्हा ड्यूटीवर आला, तर त्याच्या थकव्याला प्रशासनाला जबाबदार धरता येणार नाही. ड्यूटीचे तास कमी करा, पुरेशी विश्रांती द्या, ही आपली मागणी आहे आणि त्यासाठी आपण लढत आलो आहोत. लढून मिळवलेली विश्रांती दलालाच्या पायावर वाहण्यासाठी नव्हे.

मग जिंकतो कोण?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था सेबी. युनियनचे म्हणणे एकांगी वाटेल म्हणून सेबीचेच आकडे देतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त कमावणारे शंभरात फक्त एक. २०२३-२४ मध्ये या लोकांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक जणांचे वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. म्हणजे धनदांडगे नव्हेत, आपल्यासारखेच. २०२४-२५ मध्ये तोटा आणखी वाढून १,०५,६०३ कोटींवर गेला आणि तोट्यात राहणाऱ्यांचे प्रमाण ९१ टक्के राहिले.

हा पैसा हवेत विरला काय? नाही. २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या नावावर सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८,००० कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळवला, असे सेबीनेच सांगितले. त्यातला ९६-९७ टक्के नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन कंपनीवर मुदतीच्या दिवशी निर्देशांक हवा तसा खालीवर केल्याचा आरोप ठेवून ४,८४३ कोटी रुपये जप्त करण्याचा अंतरिम आदेश काढला. कंपनीने आरोप नाकारला आहे आणि अपिलात दाद मागितली आहे, त्यामुळे खरेखोटे न्यायासनापुढे ठरेल. पण समोर कोण बसले आहे हे तरी कामगाराने ओळखावे. मुंबईतल्या आणि परदेशातल्या इमारतींत वातानुकूलित खोल्यांत बसलेले संगणक एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला डब्यातली भाकरी खाता खाता अंगठ्याने बटण दाबणारा आमचा गँगमन. याला सामना म्हणत नाहीत.

जुलै २०२३ पासून दलालांच्या ॲपवर शिरतानाच सूचना दिसते की दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. सूचना वाचून अंगठा खालच्या बटणाकडे जातो, कारण प्रत्येकाला वाटते की दहावा आपणच.

नियम विसरू नका

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते, म्हणून सांगतो. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम १९६६ आणि केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४, या दोन्हींतील नियम १६ प्रमाणे कर्मचाऱ्याला शेअर किंवा अन्य गुंतवणुकीत सट्टा करण्यास मनाई आहे. अधूनमधून अधिकृत दलालामार्फत केलेल्या गुंतवणुकीला हरकत नाही. पण वारंवार खरेदी-विक्री केली तर तो सट्टा समजला जाईल, असा स्पष्ट खुलासा नियमातच आहे. मग आठवड्याला वीस सौदे करणाऱ्याने काय समजायचे ते समजावे. शिवाय शेअर, म्युच्युअल फंड वगैरेंतील एका वर्षाचे एकूण व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ पगारापेक्षा जास्त झाले तर ते खात्याला कळवावे लागतात, असा केंद्र सरकारचा २०१९ चा आदेश आहे.

आयकराची बाजूही आहे. फ्यूचर-ऑप्शनचा फायदा-तोटा धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो, आणि पगारदाराचा नेहमीचा 'सहज' फॉर्म त्याला चालत नाही. धंदा दाखवला तर परवानगीशिवाय खाजगी धंदा केल्याबद्दल नियम १५ आडवा येऊ शकतो. दाखवला नाही तर आयकर खात्याची नोटीस. दोन्हीकडून पकडीत सापडतो तो कर्मचारीच.

आणि एकदा चार्जशीट आली की बचाव कोण करणार? आम्हीच करणार. सभासद चुकला म्हणून युनियनने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही आणि सोडणारही नाही. परंतु जेथे नियम इतका स्वच्छ आहे तेथे बचावाला जागा फार थोडी उरते, हे आधीच सांगणे आमचे काम आहे.

जामीनदाराचे काय?

आता मुख्य मुद्दा. पतपेढीच्या कर्जाला सहकारी जामीन राहतात. जामीन राहणे ही आपल्या वर्गातली जुनी, चांगली रीत आहे. मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, गावच्या घराचे छप्पर ही कामे सावकाराच्या दारात न जाता झाली ती याच रीतीमुळे. कर्जदाराने हप्ते थकवले की वसुली जामीनदाराच्या पगारातून होते.

आमच्या पाहण्यातल्या एका प्रकरणात बहिणीच्या लग्नाचे कारण सांगून घेतलेले कर्ज निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये गेले. तो भरून काढायला मोबाईलवरून आणखी कर्जे झाली. वसुलीवाल्यांचे फोन सेक्शनमधल्या सगळ्यांना येऊ लागले. माणूस ड्यूटीवर येईनासा झाला. बिनपगारी दिवस वाढले, तसा हप्ता कापायला पगारच उरला नाही. मग कपात सुरू झाली ती निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या एका की-मनच्या पगारातून. त्या माणसाने आयुष्यात निफ्टी हे नाव ऐकले नव्हते. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने विश्वासाने सही केली होती.

आम्ही म्हणतो तोटा एकट्याचा राहत नाही, तो असा. यात पैशाहून मोठे नुकसान दुसरेच आहे. त्या सेक्शनमध्ये आता कोणी कोणाला जामीन राहत नाही. खरोखरच ज्याच्या आईचे ऑपरेशन आहे तोही सहीसाठी दारोदार फिरतो. एकमेकांवरचा विश्वास हीच युनियनची पुंजी. ती अशी संपली तर उद्या संपाची हाक कोणाच्या भरवशावर द्यायची?

आपली माणसे तिकडे वळली का?

केवळ सभासदांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. सरकारने कोरोनाच्या काळात जानेवारी २०२० पासूनचे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. भत्ता जुलै २०२१ पासून पुन्हा वाढवला, पण अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. गाड्या आणि टपाल चालू ठेवणाऱ्या कामगारांना हे बक्षीस! त्याच काळात मोबाईलवर खाते उघडणे सोपे झाले. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींवर गेली. पगार पुरेना आणि हातात बाजार आला, अशी ही गाठ पडली.

पेन्शनचेही तसेच. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांची हक्काची पेन्शन काढून त्यांचा पैसा बाजाराशी बांधला गेला. त्याविरुद्ध आपण वीस वर्षे लढलो. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय मिळाला, त्यात पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आली. जुन्या पेन्शनची मागणी आपण सोडलेली नाही. म्हातारपण बाजाराच्या लहरीवर टाकू नका, असे आपण सरकारला मोर्चात बजावतो. तोच कामगार मोर्चाहून परतताना गाडीत बसून चालू महिन्याचा पगार त्याच लहरीवर टाकत असेल, तर आपल्या घोषणेत जोर कोठून येणार?

मग करावे काय?

पहिली गोष्ट, आम्ही शेअर बाजाराचे नाव काढू नका असे म्हणत नाही. ज्याला पंधरा-वीस वर्षांनी लागणारा पैसा म्युच्युअल फंडात दरमहा थोडा थोडा टाकायचा आहे त्याला नियमाची आडकाठी नाही. मंदी आली म्हणून त्याने घाबरून तो बंद करण्याचेही कारण नाही. पुट हा मुळात विम्याचा प्रकार आहे. ज्याच्याकडे वीस-पंचवीस लाखांचे शेअर आहेत तो घसरणीपासून बचावासाठी पुट घेतो, ते समजू शकते. पण स्वतःचे घर नसलेल्याने आगीचा विमा उतरवायचा आणि आग लागण्याची वाट पाहत बसायचे, याला विमा म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट, घरात सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक असल्याशिवाय कोणत्याही बाजाराकडे पाहू नका. ती शिल्लक टपालाच्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवा. आपलेच बांधव ती सांभाळतात.

तिसरी गोष्ट, जामीन राहण्याची रीत सोडू नका, पण सही करण्यापूर्वी कर्ज कशासाठी ते विचारा. विचारण्यात अपमान नाही. पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर आपलेच लोक निवडून गेलेले आहेत. मोठ्या कर्जाचे कारण जामीनदारासमोर वाचून दाखवावे, असा ठराव प्रत्येक शाखेने त्यांच्याकडे पाठवावा.

चौथी गोष्ट, प्रत्येक शाखेने मासिक सभेत या विषयाला अर्धा तास द्यावा. तेथे कोणाची टिंगल होऊ नये आणि कोणाला बोल लावू नये. ज्याचे नुकसान झाले आहे त्याने शाखा सचिवाला एकट्याने येऊन भेटावे. ज्याला त्याला हिशोब लिहून दिला, हप्ते बांधून दिले, तर आजार बरा होतो. लपवला तर वाढतो. बुडालेला पैसा पुढच्या एक्स्पायरीला भरून काढू, हा विचार मनात आला की त्याच दिवशी भेटावे. सेबीच्याच पाहणीत दिसले आहे की लागोपाठ दोन वर्षे तोटा खाऊनही पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा तेच करीत राहिले.

प्रशासनाकडेही आमची मागणी आहे. स्वतः पुढे येऊन कर्जाची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्याच झटक्यात चार्जशीट देऊ नये. वेल्फेअर इन्स्पेक्टर आणि युनियन यांनी मिळून त्याला मार्गावर आणावे. भीतीपोटी लपवणारा माणूस सुरक्षिततेच्या दृष्टीने जास्त धोक्याचा, हे अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे. सरकारला आमचे सांगणे असे की सौद्यांवरचा कर वाढवून तिजोरी भरण्याने प्रश्न सुटत नाही. थकवलेला महागाई भत्ता द्या, हक्काची पेन्शन द्या, रिकाम्या जागा भरा. पोट भरलेला माणूस सट्ट्याच्या दारात कमी जातो.

बंधूंनो, बाजार पडेल आणि पुन्हा चढेल. आपल्या वर्गाने आजवर जे मिळवले, आठ तासांची ड्यूटी म्हणा, बोनस म्हणा, पेन्शन म्हणा, ते कोणत्याही निर्देशांकाचा अंदाज बरोबर आल्याने मिळालेले नाही. एकमेकांवर विश्वास ठेवून, एकत्र उभे राहून मिळाले आहे. २०२५ च्या अखेरीस आठव्या वेतन आयोगाचे काम सुरू झाले. त्याच्यापुढे आपली बाजू मांडायची आहे, त्यासाठी माहिती गोळा करायची आहे, सभा घ्यायच्या आहेत. फावल्या वेळाचे अर्धे तास तेथे द्या. येत्या मासिक सभेला शाखेत अवश्य या, आणि येताना ज्याच्या मोबाईलवर तो आलेख दिवसरात्र हलताना दिसतो त्या शेजारच्या बांधवालाही बरोबर घेऊन या.

कामगार एकजुटीचा विजय असो!